रिपोर्ट चांगला आला, आता गोळी बंद करू का?

या वेळी आलेल्या पत्रांत कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयीची पत्रं सर्वाधिक आहेत. गोळी म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत स्टॅटिन गटातली: ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन, क्वचित सिम्वास्टॅटिन. तिचं काम एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, कमी करणं. उत्तरांत आकडे मुद्दाम दिले आहेत. ते आपल्या डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून आहेत, घरच्या घरी मात्रा बदलण्यासाठी नाहीत.

प्रश्न : वय ५४. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. चार महिन्यांपूर्वी एलडीएल १६२ निघालं म्हणून ॲटोर्वास्टॅटिन २० मि.ग्रॅ. सुरू केली. आता एलडीएल ८८ आहे आणि रिपोर्टवर सगळं ‘नॉर्मल’ लिहिलंय. गोळी थांबवली तर चालेल का? – एक वाचक, सांगली

नाही. ८८ हा आकडा गोळी चालू असतानाचा आहे. आपलं यकृत स्वतः कोलेस्टेरॉल तयार करत असतं. स्टॅटिन त्या कामातल्या एका एन्झाइमला अडवतं. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागलं की ते आपल्या पेशींवर एलडीएल पकडणाऱ्या जागा (रिसेप्टर) वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. हे सारं औषध शरीरात आहे तोवरच चालतं. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा जुन्या जागी, म्हणजे १६० च्या आसपास जातो. आणि तो वाढलेला कळत नाही, कारण एलडीएल वाढल्यावर काहीच दुखत-खुपत नाही.

तुमच्या बाबतीत गोळीनं काम चोख केलं आहे. १६२ वरून ८८ म्हणजे सुमारे ४५ टक्के घट, आणि २० मि.ग्रॅ. ॲटोर्वास्टॅटिनकडून साधारण एवढीच अपेक्षा असते. म्हणजे गोळी नियमित घेतली जाते आहे हेही त्यातून दिसतं. प्रश्न वेगळाच आहे : ८८ तुम्हाला पुरेसं आहे का?

रिपोर्टच्या उजव्या रकान्यातली ‘नॉर्मल’ मर्यादा सगळ्यांसाठी एकच छापलेली असते. तुम्हाला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, स्टेंट आहे की काहीच नाही, हे लॅबला माहीत नसतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार कमी धोका असलेल्यांचं एलडीएल १०० च्या आत असावं, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांचं ७० च्या आत, आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांचं ५५ च्या आत. तुमचा रक्तदाब लक्षात घेता ८८ वर थांबायचं की आणखी खाली आणायचं, हे विचारायला हवं. ‘बंद करू का’ हा प्रश्न इथे उलटा होतो.

आता इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. मूळ आकड्याच्या साधारण ६ टक्के एवढीच जास्तीची घट मिळते. तुमच्या हिशेबात २० ची ४० केली तर ८८ चे ७८ च्या आसपास होतील. त्याऐवजी इझेटिमाइब १० मि.ग्रॅ. जोडली तर आहे त्या आकड्यात सुमारे २० टक्के घट होऊ शकते, म्हणजे ७० च्या जवळ. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवते, स्टॅटिनपेक्षा अगदी निराळी वाट. म्हणून डॉक्टर कधी कधी मात्रा न वाढवता दुसरी गोळी लिहून देतात. ‘एकाची दोन केली’ म्हणून घाबरू नका.

गोळी खरोखर कमी किंवा बंद करता येते असे प्रसंगही असतात. थायरॉइड मंद होतं म्हणून एलडीएल चढलं होतं आणि आता थायरॉइड ताब्यात आलं, किंवा मुळात धोका कमी होता आणि वजन बरंच उतरलं, तर डॉक्टर मात्रा उतरवून ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करून बघू शकतात. झटका येऊन गेलेल्यांनी किंवा स्टेंट, बायपास झालेल्यांनी मात्र हा प्रयोग अजिबात करू नये.

तपासणीबद्दल थोडं. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि इतर चरबीची रक्ततपासणी) करावं, पुढे आकडा स्थिर असेल तर सहा महिने ते वर्षानं. तपासणीच्या दिवशी गोळी नेहमीसारखी घ्यायची. ‘खरा आकडा कळावा’ म्हणून चार दिवस गोळी सोडून रक्त देणारे अनेक जण असतात, त्या रिपोर्टचा डॉक्टरांना काहीच उपयोग होत नाही. मोठ्या तापानंतर लगेच तपासू नका, आजारपणात एलडीएल तात्पुरतं उतरतं. उपाशीपोटी जायलाच हवं असं नाही. मात्र ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली आणखी एक चरबी) ४०० च्या वर असतील तर बारा तास उपाशी राहून पुन्हा रक्त द्या. बहुतेक लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून ते काढतात, आणि ४०० च्या पुढे हे गणित चुकतं.

प्रश्न : गोळी सुरू करून तीन आठवडे झाले. पोटऱ्या आणि मांड्या ठणकतात, जिना चढताना पाय भरून येतात. शेजारी म्हणतात, या गोळीनं स्नायू गळतात, आजच बंद कर. काय करू? – एक वाचक, चिपळूण

आधी एक गोष्ट बघा : लघवीचा रंग. तो कोऱ्या चहासारखा किंवा कोकमाच्या पाण्यासारखा झाला असेल, हातपाय उचलवत नसतील, सोबत ताप किंवा उलट्या असतील, तर गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतला पदार्थ मूत्रपिंडात अडकतो आहे अशी ती खूण असते. हे अतिशय विरळ आहे, पण त्यात तासांचा हिशेब असतो.

तसं काही नसेल तर घाबरू नका. दुखणं कुठे आणि कसं आहे, ते नीट टिपा. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना सारखं असतं, मोठ्या स्नायूंत असतं (मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, खांदे) आणि गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतं. एकच गुडघा दुखत असेल, सांधा सुजला असेल, तळव्यांना मुंग्या येत असतील, कमरेतून एका पायात कळ जात असेल, तर बहुधा कारण दुसरं आहे. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळतं, म्हणून या आठवड्यात डॉक्टरांना दाखवाच.

ते बहुधा सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी सांगतील. त्याआधी दोन-तीन दिवस जड व्यायाम, भातलावणी, ओझी वाहणं असलं काम नको. साध्या श्रमानंही सीपीके चढतं आणि दोष गोळीवर जातो. सीपीके मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल तर गोळी थांबवायचीच. आकडा ठीक आहे किंवा थोडाच वाढला आहे आणि दुखणं सोसवतंय, तर मात्रा कमी करून किंवा तशीच ठेवून लक्ष ठेवता येतं. दुखणं सोसवत नसेल तर डॉक्टर २ ते ४ आठवडे गोळी थांबवतात. त्या काळात दुखणं गेलं, तर कमी मात्रेनं किंवा दुसऱ्या स्टॅटिननं पुन्हा सुरुवात करतात. काहींना रोसुवास्टॅटिनची छोटी मात्रा एक दिवसाआड सोसते आणि एलडीएलही चांगलं उतरतं. गोळी थांबवूनही दुखणं तसंच राहिलं, तर गोळी निर्दोष.

सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. थायरॉइड मंद असेल तर दोन गोष्टी एकदम होतात : एलडीएल वाढतं आणि स्टॅटिननं स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. अशा वेळी आधी थायरॉइडचा उपचार केला तर दोन्ही प्रश्न हलके होतात. हे तपासायचं राहून गेल्यामुळे चांगली चालणारी गोळी सोडून दिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल एवढंच सांगतो. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटूनपालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. दुखणं खोटं नव्हतं, ते खरंच जाणवत होतं, पण त्यातलं बरंचसं औषधामुळे नव्हतं. तुमचं दुखणं त्यातलं आहे असं आम्ही म्हणत नाही. ते ठरवायला तपासणी आणि दोन-चार आठवड्यांची नोंद लागते, तर्क पुरत नाही.

प्रश्न : गोळी रात्रीच घ्यायची का? विसरली तर? आणि श्रावणात, नवरात्रात उपवास असतात तेव्हा? – एक वाचक, नाशिक

ॲटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, म्हणून सकाळी किंवा रात्री, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालतात. रोज एकच वेळ ठेवा, म्हणजे विसरायला होत नाही. सिम्वास्टॅटिन लवकर निघून जातं आणि यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं, म्हणून ती रात्रीच.

विसरलेली गोळी आठवली आणि पुढच्या गोळीला १२ तासांहून जास्त वेळ असेल तर घ्या. कमी असेल तर ती सोडून द्या. दोन एकदम कधीही नाही. उपवासाच्या दिवशी पाण्याबरोबर घेतली तरी चालते, या गोळीनं साखर एकदम खाली जात नाही. मधुमेहाच्या गोळ्यांचं तसं नाही, त्यांच्याबद्दल उपवासाआधीच विचारा.

प्रश्न : आई ७१ वर्षांची. स्टेंट आहे, मधुमेह आहे. हृदयाचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे. रोज नऊ गोळ्या होतात. यातल्या कुठल्या एकमेकींशी भांडतात ते कसं ओळखायचं? – एक वाचक, नागपूर

सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडा आणि मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव न वाचता त्याखाली बारीक अक्षरात छापलेली औषधाची नावं एका कागदावर उतरवा, मि.ग्रॅ.सह. ‘स्टॅटिन’ हा शेवट किती ठिकाणी येतो ते मोजा. तो एकदाच यायला हवा.

दोनदा येणं आपल्याकडे सहज घडतं, कारण मिश्र गोळ्या फार चालतात. हृदयाच्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा दोन्हींसोबत ॲटोर्वास्टॅटिन असतं. नाव नवं, आकार वेगळा, आत स्टॅटिन आहे हे कळत नाही. दुसरे डॉक्टर लिपिड रिपोर्ट बघून रोसुवास्टॅटिन लिहितात, एकटी किंवा फेनोफायब्रेटसह. झाली दोन स्टॅटिनं.

तसं आढळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पण कॅप्सूल परस्पर बंद करू नका. त्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा दोन्ही असतात, आणि ते थांबले तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. थांबवायची ती बहुधा सुटी स्टॅटिनची गोळी, पण हे डॉक्टरांकडून वदवून घ्या.

आता बाहेरून येणारी औषधं. ॲटोर्वास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन यकृतातल्या एका विशिष्ट एन्झाइमच्या वाटेनं शरीराबाहेर जातात. ती वाट दुसऱ्या औषधानं अडवली तर स्टॅटिन रक्तात साचतं आणि स्नायूंना इजा होते. अडवणारी नेहमीची औषधं अशी :

घसा किंवा छातीच्या संसर्गासाठीचं क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन. सिम्वास्टॅटिन यांच्यासोबत अजिबात नको. ॲटोर्वास्टॅटिन क्लॅरिथ्रोमायसिनसोबत २० मि.ग्रॅ.च्या वर नको. डॉक्टर एक तर दुसरं प्रतिजैविक देतात (ॲझिथ्रोमायसिनचा हा त्रास फारसा नाही) किंवा ५–७ दिवस स्टॅटिन थांबवायला सांगतात.

नायट्यासाठीच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल. पावसाळी हवेत कंबर-जांघेतला नायटा घरोघरी होतो आणि ही कॅप्सूल कित्येक आठवडे दिली जाते. त्वचेच्या डॉक्टरांना ‘कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे’ हे सांगायचं कुणालाच सुचत नाही, आणि नेमका इथेच घोळ होतो. नियम क्लॅरिथ्रोमायसिनचाच.

रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल. ॲम्लोडिपिन बहुतेक घरांत असते. ती ॲटोर्वास्टॅटिनसोबत चालते, पण सिम्वास्टॅटिनची मात्रा मग २० च्या वर नको.

ट्रायग्लिसराइड्ससाठीचं जेमफायब्रोझिल कुठल्याही स्टॅटिनसोबत टाळावं, फेनोफायब्रेट त्यामानानं सुरक्षित. गाउटसाठी (युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी) कोल्चिसिन सुरू केलं तर स्नायूंच्या दुखण्याकडे लक्ष ठेवा, मूत्रपिंड कमजोर असेल तर विशेषच.

रोसुवास्टॅटिनची वाट निराळी असल्यामुळे वरच्या एन्झाइमचा तिला फारसा उपद्रव नाही. पण ॲसिडिटीसाठीचं पांढरं किंवा गुलाबी पातळ औषध, ज्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, सोबत घेतलं तर गोळीचा साधारण अर्धा अंश वाया जातो. गोळी आधी, ते औषध किमान दोन तासांनी. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असलेल्यांनी रोसुवास्टॅटिन सुरू करताना किंवा मात्रा बदलताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासून घ्यावं.

फळांत परदेशी ग्रेपफ्रूट बाधतं, आणि आपलं पपनस त्याच कुळातलं, त्याच प्रकारच्या द्रव्यांचं. गणपतीत प्रसादाच्या चार फोडी खाल्ल्या म्हणून काही होत नाही. रोज पेलाभर रस मात्र ॲटोर्वास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांनी टाळावा.

तो कागद पाकिटात ठेवा आणि दर वेळी, दातांच्या डॉक्टरांनाही, दाखवा.

प्रश्न : स्टॅटिननं साखर वाढते आणि लिव्हर खराब होतं म्हणतात. मला फॅटी लिव्हर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आहे. गोळी घ्यावी का? – एक वाचक, कोल्हापूर

साखर थोडी वाढते हे खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. २०१० मध्ये १३ चाचण्यांतली ९१ हजारांहून अधिक माणसं एकत्र धरून हिशेब मांडला गेला : २५५ जणांना चार वर्षं स्टॅटिन दिलं, तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो. हा मधुमेह मुख्यतः ६.१ सारख्या, आधीच उंबरठ्यावर असलेल्यांत दिसतो. म्हणजे तुम्ही त्या गटात आहात. पण ज्यांना मधुमेह जवळ आला आहे त्यांनाच हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो, आणि तो धोका स्टॅटिन कितीतरी जास्त कमी करतं. सुरू करताना एचबीए१सी नोंदवा, तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा करा, आणि वजन चार-पाच किलो उतरवता आलं तर ही वाढ भरून निघू शकते.

फॅटी लिव्हर ही स्टॅटिनला मनाई नाही. सुरू करण्याआधी एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करा. मर्यादा ४० असेल आणि तुमचं ६५ असेल तरी गोळी सुरू करता येते. सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या आत एकदा तपासा. तिपटीच्या वर, म्हणजे १२० च्या पुढे गेलं तर आठवडाभरात पुन्हा तपासून डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा थांबवतात. डोळे पिवळे होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नावरची वासना जाणं दिसलं तर तारखेची वाट बघू नका. दारू रोज घेत असाल तर डॉक्टरांना प्रमाण खरं सांगा.

प्रश्न : वय ३१. एलडीएल २०५. वडिलांना ४२ व्या वर्षी झटका आला होता. आता मूल हवं आहे. गोळी चालू ठेवू का? – एक वाचक, ठाणे

१९० च्या वर एलडीएल आणि घरात इतक्या लवकर झटका, यावरून हा आनुवंशिक प्रकार असण्याची दाट शक्यता वाटते. भावंडांचीही तपासणी करून घ्या.

गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याआधीच गोळीचा निर्णय डॉक्टरांसोबत घ्या. साधारण पद्धत अशी, की गोळी एक ते दोन महिने आधी थांबवतात आणि अंगावर पाजणं संपल्यावर पुन्हा सुरू करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१ मध्ये गरोदरपणातली सरसकट मनाई काढली. फार मोठा धोका असलेल्या स्त्रियांबाबत वेगळा विचार करता यावा, एवढाच त्यामागचा उद्देश. बहुतेकींनी गोळी थांबवावीच, असाच त्यांचाही सल्ला आहे. गोळी चालू असताना नकळत दिवस राहिले तर ती थांबवून डॉक्टरांना भेटा. तेवढ्या कारणासाठी गर्भपाताचा विचार मनात आणू नका.

प्रश्न : गोळीऐवजी लसूण, अर्जुनसाल, गुग्गुळ घेतलं तर? आमच्या जेवणात खोबरं रोज असतं. – एक वाचक, रत्नागिरी

‘ऐवजी’ नको. गुग्गुळाच्या अर्काची अमेरिकेत नीट चाचणी झाली, २००३ मध्ये निकाल आला, आणि एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढलेलं दिसलं. अर्जुनसाल किंवा कुठलंही चूर्ण गोळीसोबत घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ‘रेड यीस्ट राइस’ नावाच्या परदेशी कॅप्सूल कुणी आणून दिल्या तर घेऊ नका. त्यात नैसर्गिकरीत्या लोव्हास्टॅटिनच असतं, तेही किती ते नक्की नसतं, म्हणजे नकळत दुसरं स्टॅटिन.

सोबत घेण्यासारखं साधं आहे : इसबगोल दोन चमचे पाण्यातून. त्यानं एलडीएल ५ ते १० टक्के उतरू शकतं. गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. खोबऱ्यातली संतृप्त चरबी एलडीएल वाढवते, म्हणून वाटणात ते निम्मं करा. पूर्ण सोडायला सांगितलं तर कोकणात ते कुणी आठवडाभरही पाळणार नाही.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. तिथे त्याला रोसुवास्टॅटिन ५ मि.ग्रॅ. दिली. मला इथे तीच २० मि.ग्रॅ. आहे. त्याला कमी दिली की मला जास्त? – एक वाचक, पुणे

दोन्ही बरोबर असू शकतात. आशियाई वंशाच्या माणसांच्या रक्तात रोसुवास्टॅटिनची पातळी त्याच मात्रेला गोऱ्या लोकांच्या साधारण दुप्पट होते. म्हणून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकातच आशियाई रुग्णांना ५ मि.ग्रॅ.पासून सुरुवात करायला सांगितलं आहे, आणि ब्रिटनमध्ये त्यांना ४० मि.ग्रॅ. देत नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी ते पाळलं. तुम्हाला झटका किंवा स्टेंटनंतर एलडीएल निम्म्याहून खाली आणायचं असेल तर २० योग्य ठरते, फक्त स्नायूंच्या दुखण्याकडे जास्त लक्ष हवं.

मूत्रपिंडाचं काम दाखवणारा एक आकडा मात्र शोधून बघा : क्रिएटिनिन, आणि त्यावरून काढलेला क्रिएटिनिन क्लिअरन्स. तो ३० च्या खाली असेल तर रोसुवास्टॅटिन ५ नं सुरू करून १० च्या पुढे नेत नाहीत. तशा वेळी ॲटोर्वास्टॅटिन सोयीची, कारण मूत्रपिंडासाठी तिची मात्रा बदलावी लागत नाही. वर्षभरात क्रिएटिनिन तपासलं नसेल तर पुढच्या लिपिड प्रोफाइलबरोबर तेही लिहून घ्या.